अकरा फिनची थंडी

निफाडचा पारा सहावर आला की नाशिकच्या बातमीदारांना हुडहुडी भरते. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचा फोटो छापून येतो (गेल्या वर्षीचा छापला तरी चालेल, दव तसंच दिसतं). आणि पुण्यात तपकीर गल्लीतल्या दुकानांच्या पायरीवर पंख्यांच्या जागी रूम हीटर येऊन बसतात. मुंबईचा इथे संबंध नाही. तिथे पारा अठरावर आला तरी स्वेटर निघतात, पण ते हौसेने.

पुण्याचा थंडीचा अभिमान मात्र खानदानी. १९३५च्या जानेवारीत इथे १.७ अंशांची नोंद झाली होती. ती थंडी ज्यांनी सोसली त्यांतलं आज क्वचितच कुणी असेल, पण बढाई मारायला शहरात माणसांचा तोटा नाही. प्रत्यक्षात खरी बोचणारी थंडी पडते ती पंधरा-वीस रात्री. त्या पंधरा-वीस रात्रींसाठी वन बीएचकेतलं कुटुंब रविवारी संध्याकाळी हीटर घ्यायला निघतं, आणि दुकानदार विचारतो, "साहेब, फॅमिली किती?"

"चौघं."

"मग तेरा फिनचा घ्या. नऊ कमी पडेल, अकरा चालेल, पण तेरा बेस्ट."

माणशी सव्वातीन फिन. हा हिशेब कोणत्या शास्त्रात बसतो ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. पण साहेब मान डोलावतात, कारण चौघांना तेरा हे लग्नातल्या जिलबीच्या अंदाजासारखं भरवशाचं वाटतं. वहिनी विचारतात, "यातलं तेल कधी बदलायचं?" खरं म्हणजे प्रश्न चांगला आहे. उत्तर: कधीच नाही. तेल आत कायमचं बंद असतं, ते जळत नाही, संपत नाही. खाली एक कॉइल तापते, ती तेल तापवते, तेल त्या पत्र्याच्या पानांना तापवतं आणि पानं हवेला. म्हणजे फिन हा फक्त पत्रा. उष्णता किती मिळणार हे ठरतं मागच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवरच्या वॉटच्या आकड्यावर. दोन हजार वॉटला नऊ फिन असोत वा तेरा, तासाला दोन युनिट वीज आत जाणार आणि दोन युनिटांचीच ऊब बाहेर येणार. फिन वाढले की तीच ऊब जास्त पत्र्यावर पसरते, पत्रा थोडा कमी भाजतो, आणि किंमत दोन हजारांनी चढते.

ही गोष्ट सॅलफर्डच्या जेम्स ज्यूलने १८४०च्या सुमारास मांडून ठेवली. घरचा धंदा बिअर गाळण्याचा. या पोराने तारेतून वीज सोडून तार किती तापते ते मोजलं. विजेच्या प्रवाहाचा वर्ग गुणिले तारेचा रोध, इतकी सोपी गोष्ट. पुढे १९०५-०६च्या सुमारास अमेरिकेत अल्बर्ट मार्शने निकेल आणि क्रोमियमची मिश्रधातू काढली. ती लालबुंद झाली तरी लवकर जळून तुटत नाही. बाजारातल्या बहुतेक हीटरांच्या पोटात अजून तीच तार किंवा तिची भावंडं आहेत. बाकी सगळा फरक खोक्याचा.

त्यामुळे 'ऊर्जाबचत करणारा हीटर' ही जाहिरात वाचली की मला हसू आवरत नाही. मिक्सर, पंखा, पंप यांच्यात जी वीज वाया जाते ती उष्णता होऊन वाया जाते. हीटरमध्ये उष्णता हाच माल. तिथे वाया जायला काही उरतच नाही. सहाशे रुपयांचा रॉडचा हीटर आणि बारा हजारांचा तेलाचा हीटर, दोघेही एका युनिटात सारखीच ऊब देतात. जो विक्रेता सांगेल की आमचा हीटर निम्म्या विजेत दुप्पट ऊब देतो, त्याला स्वीडनला पाठवा, नोबेल तिथेच मिळतं.

याच्याही पुढे मोबाइलवर येते ती भिंतीत खुपसायची डबी. चारशे वॉट, किंमत सातशे नव्व्याण्णव, आणि 'दोन मिनिटांत संपूर्ण घर उबदार'. जाहिरातीत खिडकीबाहेर बर्फ पडतो आणि आत गोरी बाई चहा पिते. चारशे वॉट म्हणजे किती ते सांगतो. नुसतं बसलेलं माणूस साधारण शंभर वॉट उष्णता टाकत असतं. म्हणजे ही डबी चार पाहुण्यांएवढी ऊब देते. पाहुणे चहा मागतात, डबी मागत नाही, एवढाच तिचा फायदा.

मग कुठलाही घ्यावा का? नाही. ऊब सारखी असली तरी ती जाते कुठे यात फरक आहे, आणि लहान घराचा सगळा हिशेब इथे आहे.

दहा बाय बाराची खोली घ्या. तिच्यातली हवा भरते पस्तीस-चाळीस किलो. ती दहा अंशांनी तापवायला लागणारी वीज युनिटाचा जेमतेम दहावा भाग. दोन हजार वॉटचा हीटर ते काम हिशेबाने तीन मिनिटांत करील. मग तासभर लावूनही खोली गार का? कारण हवेच्या भोवती दहा टनांहून जास्त विटा आणि सिमेंट आहे, वर स्लॅब, खाली फरशी, आणि हे सगळं रात्रभर थंडी पिऊन बसलेलं आहे. नुसत्या भिंती पाच अंशांनी वर आणायच्या तर दहा-बारा युनिट सहज गिळतील. त्यात आपल्या सरकत्या खिडक्या. बिल्डरने दोन काचांमध्ये सोडलेली फट आणि खालच्या पट्टीतली पावसाचं पाणी जायची भोकं ही घराची श्वासनलिका आहे. तापलेली हवा वरून निघून जाते, गार हवा खालून येते, आणि तुमचा हीटर इमानेइतबारे समोरच्या पार्किंगला ऊब देत राहतो.

आपली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. ती गार राहावीत म्हणूनच आजोबांनी जाड भिंतीचं कौतुक केलं. जानेवारीत तिलाच नावं ठेवणं बरं नव्हे.

यातून माझा कौल असा की लहान घरात हवा तापवायच्या नादी लागू नये, माणूस तापवावा. क्वार्ट्झचा किंवा हॅलोजनचा हीटर समोर ठेवला की त्याची उष्णता उन्हासारखी थेट अंगावर येते. मधल्या हवेशी तिला फारसं कर्तव्य नसतं. खिडकीला फट असली तरी गुडघे शेकतात. चारशे-चारशे वॉटच्या दोन नळ्यांचा क्वार्ट्झ हजार ते दीड हजार रुपयांत मिळतो. एक नळी लावा, फार वाटलं तर दोन. सोफ्यावर बसून मालिका बघणाऱ्या आजींना आणि टेबलापाशी दहावीचा अभ्यास करणाऱ्या नातवाला एवढा पुरतो. फक्त दोघं एकाच बाजूला बसायला हवीत. ते जमत नसेल तर तो प्रश्न हीटरचा नाही. हॅलोजन जरा जास्त झगझगीत. निजायच्या खोलीत लावला तर लग्नाच्या मांडवात झोपल्यासारखं वाटतं.

ब्लोअर, म्हणजे पंख्याचा हीटर, दीड-दोन हजारांत येतो. आकाराने छोटा, हजार आणि दोन हजार वॉटचं बटण. बंद खोलीत पाच-दहा मिनिटांत फरक कळतो, बंद केला की पाच-दहा मिनिटांत तोही जातो. आवाज करतो. बाळाला आंघोळ घालून आणल्यावर खोली चटकन उबवायला याच्यासारखं काही नाही. मात्र खोली म्हणजे खोली. बाथरूममध्ये ब्लोअर नेणाऱ्या माणसाला पाणी आणि वीज यांच्या नात्याबद्दल कुणी सांगितलेलं नसतं.

आणि तेलाचा? सात हजारांच्या पुढे. तापायला वीस-तीस मिनिटं घेतो, बंद केल्यावरही बराच वेळ ऊब सोडतो, आवाज नाही, लाल उजेड नाही. तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल, खोलीचं दार नीट लागत असेल, आणि घर नाशिक-निफाडच्या बाजूला असेल तर घ्या, पैसे सार्थकी लागतील. पण कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर, वर-खाली-शेजारी बिऱ्हाडं असताना, तेरा फिन कशासाठी? वरच्यांचा, खालच्यांचा हीटर तुम्हालाही थोडी ऊब देतोच. ते बिल मागत नाहीत.

आता गंमत पुढे आहे. हीटर निवडतो कोण? तुम्हाला वाटतं तुम्ही. खरं म्हणजे इलेक्ट्रिशियनने पंधरा वर्षांपूर्वीच निवडून ठेवलाय. दोन हजार वॉट भागिले दोनशे तीस व्होल्ट म्हणजे जवळजवळ पावणेनऊ अँपियर. मोबाइल चार्जरचा साधा पॉइंट असतो सहा अँपियरचा. म्हणजे हीटरला मोठ्या भोकांचा पॉवर पॉइंट हवा. वन बीएचकेत असे पॉइंट असतात फ्रिजमागे, वॉशिंग मशिनपाशी, गीझरला आणि एसीसाठी छताजवळ. म्हणजे तुमच्या तेरा फिनच्या हीटरला बसायला जागा एकच: ओट्याशेजारी, फ्रिजच्या कुशीत. एक यंत्र गार करतंय, दुसरं त्यालाच तापवतंय, आणि दोघांचं बिल तुम्हाला.

यावर आपला देशी तोडगा म्हणजे मोठी पिन लहान भोकात घालणारा चाळीस रुपयांचा जोड, आणि पुढे दीडशे रुपयांचा एक्स्टेन्शन बोर्ड, ज्याची वायर सुतळीहून थोडी जाड. ज्यूलचा नियम हीटरच्या तारेपुरता नाही हे इथे लक्षात ठेवायचं. तो एक्स्टेन्शनच्या वायरलाही लागतो, सैल झालेल्या सॉकेटलाही लागतो. फरक इतकाच की हीटरची तार तापायला बनवली आहे आणि गालिच्याखालून नेलेली वायर नाही. प्लग हाताला गरम लागला, प्लास्टिकचा वास आला, सॉकेटभोवती तपकिरी डाग पडला की समजावं, ऊब चुकीच्या ठिकाणी तयार होतेय. आठशे वॉटचा क्वार्ट्झ साडेतीन अँपियरच घेतो. तो साध्या पॉइंटवर निमूट चालतो. त्याच्यावरच्या माझ्या लोभाचं निम्मं कारण हेच.

सकाळी गीझर, इस्त्री आणि हीटर एकाच वेळी लावले की एमसीबी पडतो. मग घरातला कर्ता पुरुष तो पुन्हा वर करतो. पुन्हा पडतो. मग तो इलेक्ट्रिशियनला फोन करून म्हणतो, "जरा मोठा एमसीबी टाकून दे रे." हे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलणं. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला तर आधी वायर जळेल, मग तो पडेल.

बिलाकडे वळू, नाहीतरी ते फेब्रुवारीत वळणारच आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या शंभर युनिटांना वहन आकार धरून सहा रुपयांच्या आसपास, पुढच्या दोनशेंना जवळपास दुप्पट, तीनशेच्या पुढे चौदा-पंधरा. आकडे दर वर्षी हलतात, चढण तीच. एरवी महिन्याला नव्वद युनिट वापरणारं घर घ्या. दोन हजार वॉटचा हीटर रोज चार तास महिनाभर चालला तर दोनशे चाळीस युनिट वाढले. विजेवरचा कर धरला तर हे वरचे तीन हजारांच्या घरात जातात. तेच आठशे वॉट रोज तीन तास, वीस रात्री: अठ्ठेचाळीस युनिट, पाच-सहाशे रुपये. थर्मोस्टॅट असेल तर मोठा हीटर मधूनमधून थांबतो, मान्य. पण त्या गोल बटणावर एक ते सहा आकडे असतात, ते अंश नाहीत. घरातलं प्रत्येक माणूस जाता-येता ते सहावर नेतं, जणू सहावर लवकर तापतं. लवकर तापत नाही. फक्त थांबत नाही.

दर हिवाळ्यात कुणीतरी काका भेटतात आणि सांगतात, "हीटर ऑक्सिजन खातो." नाही हो काका. विजेच्या हीटरमध्ये काही जळतच नाही, तो ऑक्सिजन खाणार कशाला? हवा तापली की तिची पाण्याची भूक वाढते. बारा अंशांना साठ टक्के असलेली आर्द्रता बावीस अंशांवर तीसच्या आसपास दिसते, मग ओठ फुटतात, घसा कोरडा पडतो. पाण्याचं भांडं ठेवायचं तर त्यासाठी ठेवा. ऑक्सिजन खरोखर खाते ती कोळशाची शेगडी. आणि ती बदल्यात कार्बन मोनॉक्साइड देते, ज्याला रंग नाही, वास नाही. दारं-खिडक्या लावून आत शेगडी पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. हे मी गमतीने लिहीत नाहीये. विजेचं बिल वाचवायला शेगडी बंद खोलीत आणू नका. छोट्या, बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरलाही हेच लागू. काका नेमके त्याबद्दल काही बोलत नाहीत.

सर्वांत स्वस्त हीटर दुकानात मिळतच नाही, मिळतो मेडिकलमध्ये. रबराची गरम पाण्याची पिशवी. दोन लिटर पाणी पन्नास अंशांनी तापवायला जी उष्णता लागते ती वर सांगितलेल्या खोलीभर हवेइतकीच, युनिटाचा दहावा भाग आणि थोडी वर. पण हवा ती खिडकीच्या फटीतून दहा मिनिटांत उडवते. पिशवी गोधडीत पायाशी ठेवली तर उत्तररात्रीपर्यंत पुरवते. (उकळतं पाणी घालू नका, आणि फडक्यात गुंडाळा. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला चटका कळत नाही.) विजेचं पांघरूण शंभर वॉटच्या आसपासचं असतं. आठ तास चाललं तरी युनिटाच्या आत. हीटर लावून झोपण्यापेक्षा हे बरं. आणि खिडकीच्या फटीला चिकटवायची फोमची पट्टी हार्डवेअरवाल्याकडे शे-दीडशेत मिळते. पण तिला फिन नाहीत, रिमोट नाही, आणि शेजाऱ्यांना दाखवता येत नाही. म्हणून ती कुणी घेत नाही.

एक अपवाद राहिला. एसी घ्यायचाच असेल तर 'हॉट अँड कोल्ड' घ्या. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो, म्हणून एका युनिटात तीन युनिटांएवढी ऊब देतो. ज्यूलला फसवत नाही, ओझं वाहतो. पण चाळीस हजारांच्या वर जाणारी वस्तू फक्त पंधरा रात्रींसाठी आणणाऱ्याने हे सदर वाचू नये.

दुकानात गेलातच तर फिन मोजू नका. आयएसआयचा शिक्का आहे का बघा. हीटर आडवा करून दाखवायला सांगा, कलंडल्यावर आपोआप बंद होतो का ते तिथेच कळतं. दुकानदार "होतो की हो साहेब" म्हणेल. "करून दाखवा" म्हणा. पुढची जाळी लहान मुलाचं बोट आत जाईल इतकी विरळ नको. घरी पडदा, गादी आणि पेपरची रद्दी यांच्यापासून तीन फूट लांब ठेवा. वन बीएचकेत तीन फूट मोकळी जागा काढणं हीटर निवडण्याहून अवघड आहे, हे मला मान्य.

आणि हे दुकानात कुणी विचारत नाही, घरी आल्यावर सगळेच करतात: याच्यावर कपडे वाळवायचे का? तेलाच्या हीटरच्या काही मॉडेलांना टॉवेलची दांडी येते, तिच्यावर वाळवा. दांडी नसेल तर फिनवर ओला टॉवेल टाकू नका. ऊब अडकते, कट-आउट पडतो आणि मग हीटर बिघडला म्हणून तुम्ही दुकानदाराशी भांडायला जाता. क्वार्ट्झसमोर खुर्चीवर बनियन लटकवून भाजी आणायला तर मुळीच जाऊ नका. वाळल्यावर बनियन थांबायला सांगत नाही. गॅलरीत दोरी आहे, दुपारी बाराला ऊन आहे, आणि त्याला पॉवर पॉइंट लागत नाही.